नाव एकदाच लिहायचं

गेल्या भागात आपण मसाल्याच्या पॅकिंगवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करायला उठतील, कारण विषय आहे कागदांचा. जरा थांबा. ज्यांना गटाचं काहीच लिहावं लागत नाही त्यांनी तर जरूर थांबा, आजचं बोलणं खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे.

गटाचं काम काय, असं कुणी विचारलं तर आपण पटापट सांगतो. बचत गोळा करणं, कर्ज देणं, हप्ते घेणं, कुणाची शेळी, कुणाचं शिलाई मशीन. लिहिणं हे काम म्हणून कुणी सांगत नाही. ते कोण करतं? सचिवताई. आणि सचिवताई ठरते कशी, तर गट सुरू होताना सगळ्याजणी एकीकडे बघतात आणि म्हणतात, "तू शिकलेली आहेस ना, तूच लिही." बहुतेक वेळा ती दहावी-बारावी झालेली एखादी नवी सून असते. तिला नाही म्हणता येत नाही. मग गट दहा वर्षं चालला तर दहा वर्षं तीच लिहिते.

आणि लिहिते कधी? बैठकीत घाई असते, कुणाची भाकरी राहिलेली, कुणाला धार काढायची. म्हणून कच्च्या कागदावर आकडे टिपून घ्यायचे आणि पक्कं रात्री घरी उतरवायचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषांची ८८. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त काम घरात उरकल्यावर ही ताई वह्या काढून बसते. घरचे म्हणतात, "काय त्या वह्या घेऊन बसलीस." गटातल्या म्हणतात, "लिहायचं तर आहे, त्याला काय लागतं."

काय लागतं ते मोजून बघू. समजा, गट अकरा जणींचा आहे आणि बैठक दर आठवड्याला होते. इतिवृत्ताच्या वहीत हजेरीसाठी अकरा नावं. बचत-कर्जाच्या तक्त्यात तीच अकरा नावं. म्हणजे एका बैठकीला २२. एकही आठवडा चुकला नाही तर वर्षाला ११४४. महिन्याच्या अहवालात पुन्हा अकरा, म्हणजे वर्षाचे १३२. त्यात बँकेच्या कर्जाची फाइल करायची असेल तर अर्जाची यादी, ठराव, सभासदांचा आपसातला करार आणि फोटोंचा कागद, अशी चार ठिकाणी मिळून ४४. सगळी बेरीज १३२०. अकरा बायकांची नावं वर्षात तेराशे वीस वेळा. ही नुसती नावं झाली. आधार क्रमांक, खाते क्रमांक, वय, प्रवर्ग, मोबाइल नंबर, हे रकाने वेगळेच. पासबुकातल्या नोंदी वेगळ्या.

आता कुणी म्हणेल, मग कशाला एवढं लिहायचं, सोडून द्या. तसं नाही चालणार, आणि का नाही चालणार ते नीट समजून घ्या.

आपल्याकडे तारण ठेवायला काय असतं? जमीन बहुतेक जणींच्या नावावर नाही. घर नाही. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग देशात ५०० गटांपासून सुरू केला, तेव्हा बँकेसमोर हाच प्रश्न होता, की या बायकांना कशाच्या भरवशावर पैसे द्यायचे. त्या प्रश्नाचं उत्तर गटाच्या वहीत होतं आणि आजही तिथंच आहे. दीनदयाळ अंत्योदय योजनेतल्या, म्हणजे आपल्याकडे 'उमेद' म्हणतो त्या अभियानातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यात कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे सहा महिने कुठून मोजायचे? खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. गटाच्या हिशोबाच्या वह्यांवरून. शिवाय पंचसूत्री पाळलेली हवी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत वह्या. पाचवं सूत्र वह्यांचंच आहे, आणि पहिली चार पाळलीत याचा पुरावाही तीच वही देते. कर्जाची रक्कम गटाच्या एकूण निधीच्या पटीत ठरते, आणि निधी किती तेही वहीच सांगते. म्हणजे आपलं तारण कुणी तयार केलं? रात्री दिव्याखाली बसून त्या सुनेनं.

म्हणून वही सोडायची नाही. पण वहीतलं सगळं लिहिणं एकसारखं नसतं. "चर्चेनंतर असं ठरलं, की दोन हप्ते चुकलेल्या सभासदाच्या घरी तिघींनी जाऊन अडचण विचारावी", हे लिहायला माणूस लागतं. तिथं डोकं चालवावं लागतं. आणि "अ. क्र. १, अ. क्र. २" करत नावं उतरवायची, ही नुसती नक्कल आहे. तिला डोकं लागत नाही, फक्त मनगट दुखतं. नकलेचं काम यंत्राला देता येतं. कागदपत्रं आपोआप तयार करणं म्हणजे फार मोठं काही नाही, एवढंच आहे.

सोऱ्या सगळ्यांकडे असतो. बेसनाचं पीठ एकदा मळलं, की बारीक चकती लावली तर बारीक शेव पडते, जाड लावली तर जाड शेव, पट्टीची लावली तर पापडी. (चकलीची भाजणी वेगळी लागते, ते मला माहीत आहे, पत्रं पाठवू नका.) प्रत्येक प्रकारासाठी आपण नव्यानं पीठ मळतो का? नाही. कागदाच्या कामात मात्र आपण दर वेळी नव्यानं मळतो. ठरावाला वेगळं, अहवालाला वेगळं, अर्जाला वेगळं. खरं तर पीठ एकच आहे: अकरा जणींची माहिती आणि त्यांचे व्यवहार. ठराव, यादी, अहवाल या नुसत्या चकत्या.

तर पहिलं काम, पीठ नीट मळणं. म्हणजे मूळ यादी करणं.

यासाठी फोनमध्ये गुगल शीट नावाचं ॲप फुकट मिळतं. कॉम्प्युटर असेल तर एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, लिब्रेऑफिसही फुकट आहे. शीट म्हणजे आखलेली वहीच. आडव्या ओळीत एक ताई, उभ्या रकान्यात एक माहिती. नाव, आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग, खाते क्रमांक, मोबाइल, गटात आल्याची तारीख. रकाने कोणते ठेवायचे हे मनानं ठरवू नका. गेल्या वर्षात ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडे माहिती मागितली, बँक, ग्रामसंघ, पंचायत समिती, त्यांचे फॉर्म समोर पसरा आणि त्यातले रकाने घ्या. तुमच्या गटाची माहिती एखाद्या सरकारी ॲपमध्ये भरावी लागत असेल तर रकान्यांचा क्रम त्या ॲपसारखाच ठेवा. ॲप आलं म्हणून वही काही जात नाही, दोन्हीकडे भरावं लागतं, हे आपण सगळ्याजणी बघतो आहोत. निदान शोधाशोध तरी वाचेल.

इथं एका गोष्टीवर मला जास्त वेळ थांबायचं आहे. नाव.

बाईच्या नावाइतकी घोळाची गोष्ट कागदावर दुसरी नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅन कार्ड लग्नाआधी काढलं असेल तर ते माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. काही घरांत लग्नात पाळण्यातलं नावच बदलतात, म्हणजे पहिलं नावही वेगळं. गावात सगळे कमलबाई म्हणतात, आधारवर कमल आहे, बँकेत कुणीतरी कमलाबाई केलंय. इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. आमच्या भागातल्या एका गटाची फाइल अशाच एका अक्षरासाठी बँकेतून तीन वेळा परत आली. दर खेपेला दोघींची मजुरी बुडाली आणि एसटीचं तिकीट गेलं ते वेगळंच.

यंत्राला कमल आणि कमलबाई एकच आहेत हे कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, हातानं लिहिताना चूक झाली तर ती एका कागदावर राहते. मूळ यादीत चुकलं तर तीच चूक दहा कागदांवर सुबक छापून येते. म्हणून यादी एकीनं भरायची नाही. एका बैठकीला सगळ्यांनी आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन यायचं. एकीनं कार्डावरचं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं टाइप करायचं, आणि जिचं नाव आहे तिनं स्वतः बघायचं. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी तिची मुलगी बसू दे. तिन्ही कागदांवर नाव जुळत नसेल तर शेजारच्या रकान्यात तसं लिहून ठेवायचं. दुरुस्ती करायला वेळ लागतो, म्हणून ती कर्जाची गरज पडायच्या आधी, सवडीनं करून घ्या. माझ्या अनुभवात हे एका बैठकीचं काम सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. बाकी काहीच केलं नाही आणि नुसती नावं जुळवून घेतली, तरी निम्मं डोकं शांत होतं.

आता चकत्या. त्याच शीटमध्ये खाली दुसरं पान उघडायचं आणि त्याला 'महिन्याचा अहवाल' असं नाव द्यायचं. तिथं नाव टाइप करायचं नाही. रकान्यात बरोबरचं चिन्ह टाकायचं, मूळ यादीतल्या नावावर टिचकी मारायची आणि एंटर दाबायचं. नाव इकडे येतं. ते खाली ओढलं की अकराही नावं येतात. मूळ यादीत बदल केला की इथं आपोआप बदलतो. हजेरीचा कागद तसाच, बँकेची यादी तशीच. पहिल्यांदा हे फोनवर अवघड जातं, छोट्या पडद्यावर बोट भलतीकडेच पडतं. कॉम्प्युटरवर एकदा मांडून घ्यावं. गावातल्या सेवा केंद्रात किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडून हे होतं. एकदा मांडलं, की पुढं रोजचं फोनवर चालतं.

ठरावासाठी मेल मर्ज नावाची सोय असते. वर्डमध्येही आहे, लिब्रेऑफिसमध्येही आहे. ठरावाचा मजकूर एकदा लिहायचा आणि जिथं नाव, रक्कम, तारीख येते तिथं मोकळी जागा सोडून त्या जागेला शीटमधल्या रकान्याशी जोडायचं. मग अकरा जणींची अकरा हमीपत्रं एका दमात तयार होतात. लग्नपत्रिकेसारखंच आहे हे. मजकूर सगळ्यांना तोच असतो, पाकिटावरचं नाव तेवढं बदलतं. फक्त इथं पाकिटावरची नावंही मशीनच घालतं.

एक सूचना लगेच देते, नाहीतर अडाल. शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंक टाकले तर शीट त्यांना बहुतेक वेळा अक्षरं समजते आणि बेरीज करत नाही. छापताना काय हवं ते बघता येतं.

व्याजाचं गणित हा शीटचा सगळ्यात गोड भाग. समजा, एका ताईनं गटातून ₹१०,००० घेतले, महिना दोन टक्क्यांनी, दहा हप्त्यांत. दर महिन्याला मुद्दल ₹१,००० आणि वर शिलकीवरचं व्याज. पहिल्या महिन्यात व्याज ₹२००. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ₹९,०००, म्हणून व्याज ₹१८०. मग ₹१६०, ₹१४०, असं उतरत दहाव्या महिन्यात ₹२०. एकूण व्याज ₹१,१००. पण लिहिणाऱ्या ताईला रात्री अकराला अकरा जणींच्या शिलका काढायचा कंटाळा आला, आणि तिनं सरसकट दर महिन्याला ₹२०० धरले तर? एकूण ₹२,०००. म्हणजे कर्ज घेणारीचे ₹९०० जास्त गेले. यात कुणाची लबाडी नाही, फक्त दमणूक आहे. पण वर्षाखेरीला कुणीतरी गुणाकार करते, आणि मग गटात बोलाबोली सुरू होते. शीटमध्ये 'शिल्लक गुणिले दोन भागिले शंभर' हे एकदा सांगून ठेवलं, की दर महिन्याला व्याज स्वतःच निघतं. हप्ता चुकला तर शिल्लक तशीच राहते आणि व्याजही त्याप्रमाणे येतं. पहिले दोन महिने मात्र हातानंही करून ताडून बघा. सूत्र चुकीचं बसलं असेल तर तेव्हाच कळेल. आणि सूत्र बसलं की त्या रकान्यांना कुलूप लावता येतं, म्हणजे पोरानं फोन घेऊन बोट लावलं तरी गणित मोडत नाही.

इतिवृत्ताचं काय? ते डोक्याचं काम आहे असं मी म्हटलं. तिथंही मनगट वाचवता येतं. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा मराठी निवडून बोललात की तो लिहितो. बैठक संपायच्या आधी सचिवताईनं सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावं: "आजची बैठक अमुक वाजता सुरू झाली, नऊ जणी हजर, अमुक ठरलं." बोलतानाच बाकीच्या ऐकतात, आणि कुणाला वेगळं वाटलं तर तिथंच बोलते. रात्री घरी लिहिलेल्या इतिवृत्ताला ही सोय नव्हती. फोन काही शब्द भलतेच ऐकतो, विशेषतः आडनावं, ते तेवढे सुधारायचे. मग हे छापून वहीत चिकटवायचं आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. तुमच्या बँकेला किंवा ग्रामसंघाला छापील इतिवृत्त चालतं का, ते आधी विचारून घ्या. चालत नसेल तर छापलेलं समोर ठेवून वहीत उतरवा, तरी आठवायचा वेळ वाचतोच.

हल्ली फोनमधल्या एआयला सांगितलं की तो अर्ज, पत्र, इतिवृत्त सगळं लिहून देतो. पत्रासाठी वापरायला माझी हरकत नाही. इतिवृत्तासाठी आहे. तो न झालेली चर्चाही इतक्या गोड भाषेत लिहितो, की वाचून आपल्यालाच वाटावं, अरे हो, हे बोललो होतो. ठराव आपल्या तोंडून निघालेलाच हवा.

गटाचा उद्योग असेल तर हीच रीत तिथं लावा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतात तेव्हा एकच यादी करायची: कुणाची, काय, किती किलो, आगाऊ किती दिले. त्यातूनच पावती, त्यातूनच डब्यावरची चिठ्ठी, आणि त्यातूनच "किती बेसन आणायचं" याची बेरीज. प्रदर्शनाला जाताना मालाची यादीही तिथूनच निघते. एकदा सवय लागली की तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल.

आता धोक्याचं. जी यादी आपण करतोय तिच्यात अकरा जणींचे आधार आणि खाते क्रमांक आहेत. ही तिजोरी आहे. ती गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, आणि कुणी साहेब फोनवर मागतोय म्हणूनही पाठवायची नाही. सेवा केंद्रात काम करून घेतलं तर त्यांच्या कॉम्प्युटरवरची प्रत आपल्यासमोर पुसून घ्यायची. जिथं पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथं झाकलेलं आधार द्यायचं. त्यात पहिले आठ अंक लपवलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. आधारच्या वेबसाइटवरून ते उतरवून घेता येतं. झेरॉक्सचा गठ्ठा प्रत्येक कार्यालयात वाटत फिरायचीही तशी गरज नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्यांनी दिलेली आधार, पॅनसारखी कागदपत्रं कायद्यानं मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत. पण डिजिलॉकर जिचं तिच्या फोनवर, जिच्या तिच्या नंबरवर. सगळ्यांचं एकीच्याच फोनवर उघडू नका.

फोन कुणाचा, हा त्याहून अवघड प्रश्न. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. शीट त्याच्या खात्यात राहिली तर गटाची वही त्याच्या खिशात गेली. म्हणून गटाच्या नावानं वेगळं ईमेल खातं काढा आणि त्याचा पासवर्ड अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या तिघींकडे असू द्या. बाकीच्यांना शीट फक्त बघता येईल अशी सोय करता येते. शीटमध्ये कुणी कधी काय बदललं याची जुनी नोंदही राहते, भांडणात ती उपयोगी पडते. रेंज नसली तरी फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेली शीट उघडते. आणि महिन्यातून एकदा सगळं छापून फाइलला लावा. फोन विहिरीत पडू शकतो, छापलेला कागद पेटीत राहतो.

इतकं यंत्राला दिल्यावर हातात काय ठेवायचं? माझं मत ठाम आहे: सभासदाचं पासबुक हातानंच भरायचं, आणि तेही बैठकीत, तिच्यासमोर. सह्या आणि अंगठेही बैठकीतच. आणि आकडे मोठ्यानं वाचायचे. आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत ज्यांना शीट बघता येत नाही, पण आपल्या बचतीचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. वाचताना एक रुपया इकडचा तिकडे झाला की त्या लगेच म्हणतात, "थांब गं, माझे पन्नास राहिले." ही तपासणी कुठल्याच सूत्रात बसत नाही. नाबार्डनं १५ मार्च २०१५ ला ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, झारखंडमधल्या रामगढ आणि आपल्या धुळे या दोन जिल्ह्यांत. गटांच्या नोंदी डिजिटल करायच्या, हाच त्याचा हेतू होता. त्यात व्यवहाराचा संदेश सभासदाच्या मोबाइलवर जावा अशी सोय ठेवली होती. म्हणजे नोंद यंत्रात गेली तरी ती बाईपर्यंत परत आली पाहिजे, हे तिथंही धरलेलं होतं. आपल्याकडे संदेश येवो न येवो, मोठ्यानं वाचायला रेंज लागत नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा. लिहिण्याचं काम कमी झालं म्हणजे संपलं असं नाही. बैठकीनंतर आकडे भरायला, छापून आणायला, बँकेत जायला कुणीतरी लागणारच. ते काम फुकट का? समजा, अकरा जणींनी प्रत्येक बैठकीला पाच रुपये बाजूला काढले तर ₹५५ होतात, चार बैठकांचे ₹२२०. हे लिहिणाऱ्या ताईचं मानधन. तसा ठराव करा आणि तो इतिवृत्तात नोंदवा. काही गट मानधन देत नाहीत, त्याऐवजी पाळी लावतात: सहा महिने एकीनं लिहायचं, तिच्या हाताखाली दुसरीनं शिकायचं, मग अदलाबदल. मला स्वतःला दोन्ही एकत्र आवडतं. कारण सगळं एकीलाच येत असेल तर ती बाळंतपणाला गेली किंवा घरच्यांनी गाव सोडलं, की गट अडतो. आणि तिला मोकळं व्हायचं असलं तरी होता येत नाही.

तर पुढच्या बैठकीला हे करा. आधार, पॅन, पासबुक, तिन्ही सोबत न्या. एक चांगला चार्ज केलेला फोन ठेवा. आणि त्या दिवशी दुसरा कुठला विषय घेऊ नका, नावांनाच दोन तास जातात. काही अडलं तर ग्रामसंघाच्या लिपिकाताईला किंवा बँक सखीला बोलवा. पुढच्या भागात आपण ऐकणार आहोत, दुकानदाराला उधार दिलेल्या मालाची वसुली कशी करायची. नमस्कार.